प्रश्न आनीचा आहे, मॅडम

"काही शंका?" असं विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते ना, ती ज्यानं गावाकडच्या कॉलेजात शिकवलंय त्यालाच कळेल. सगळी पोरं खाली बघतात. कोणी पेनाचं टोपण चावतं, मागच्या बाकावरचे खिडकीतून एसटी आली का बघतात, पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींना कोपरानं ढोसतात, तू विचार, तू विचार, आणि शेवटी कोणीच विचारत नाही. नवीन मास्तर असला तर त्याला वाटतं वा, सगळ्यांना सगळं समजलं. जुन्याला माहीत असतं की घंटा काही समजलेलं नाही, फक्त विचारलं तर आपण अडाणी दिसू ही भीती जास्त मोठी आहे.

मी पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. सीएचबीवाल्याला सुट्टीचा पगार नाही आणि पुढच्या जुलैत आपण असू का नसू हेही माहीत नाही, त्यामुळे बाकी काही नसलं तरी वर्गात बिचकत बसलेल्या पोरांबद्दल आपुलकी भरपूर असते. वैनगंगेच्या दोन्ही अंगांनी पोरं येतात. घरी दोन-तीन एकर धान, काहींकडे तेही नाही. रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याला, आणि पावसाळ्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की रस्त्यावर पाणी येऊन कोणाचं तरी गाव तुटतंच. जंगलालगतच्या गावातल्या पोरी वाघाच्या भीतीनं शेवटचा तास सोडून निघतात, आणि त्यांना गैरहजेरी लावताना मला लाज वाटते. यातल्या बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलंच माणूस. माझ्या घरी ते माणूस मी होते.

या पोरांना काय माहीत नसतं? यादी केली तर बाहेरच्याला हसू येईल. इंटर्नल म्हणजे काय आणि त्याचे मार्क कोण देतं. एक पेपर राहिला तर अख्खं वर्ष जातं की तेवढाच विषय. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर, मायनर, क्रेडिट, ते क्रेडिट जमा होतात तो एबीसी आयडी, ही त्यात आणखी भर, ते तर मलासुद्धा दर सेमिस्टरला नव्यानं वाचावं लागतं. लायब्ररीतलं पुस्तक घरी नेता येतं का, नेलं तर पैसे पडतात का. सरांना फोन केला तर चालतो का. प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाताना चप्पल बाहेर काढायची का. हे शेवटचं मी दरवर्षी बघते, जुलैत ऑफिसच्या दाराशी चपलांची ही रांग लागलेली असते आणि दिवाळीपर्यंत ती हळूहळू कमी होत जाते. ज्यांच्या घरात काका, आत्या, मोठा भाऊ असं कोणीतरी आधी जाऊन आलंय त्यांना या गोष्टी जेवता जेवता कळलेल्या असतात. बाकीच्यांनी कोणाला विचारायचं? बापाला विचारलं तर बाप म्हणतो, तू शिकलेला होय ना, तुलेच माहीत.

या गोष्टी मी आता वर्गात सिनेमाच्या आडून सांगते. हे सिनेमाचं प्रकरण सुरू झालं ते काही ठरवून नाही. कविता शिकवता शिकवता कशावरून तरी 'सैराट'मधला तो सीन निघाला, ज्यात हिरॉईन आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत देतो. २०१६चा सिनेमा, पण आमच्या पोरांना त्याची फ्रेम न् फ्रेम पाठ आहे, टीव्हीवर बघून, मोबाईलवर बघून, लग्नाच्या वरातीत नाचून. मी सहज विचारलं की आता सरांनी काय करायला पाहिजे होतं? आणि जो वर्ग कवितेवर एक शब्द बोलत नव्हता तो एकदम उठूनच बसला. पोलिसात जायचं. नाही, प्राचार्यांकडे जायचं. प्राचार्य काय करणार, ते घाबरतात. मागून एक पोट्टा म्हणाला, "सर सीएचबीवर असन मॅडम," आणि सगळ्यात जास्त मीच हसले.

मग एका पोरीनं, जिचा आवाज मी तोवर फक्त हजेरीत ऐकला होता, विचारलं, "मॅडम, आर्चीले कॉलेजात कोणी त्रास देला तर ते कोणाले सांगन?" लगेच दुसरी म्हणाली, आर्चीचं सोड ना, तिचा बाप एवढा मोठा, ती स्वतःच देईल ठेवून एक. आनीचं बोल. आनी म्हणजे आर्चीची मैत्रीण, तिच्यासोबत कायम असणारी, जिच्या मागे आर्चीच्या बापासारखा कोणी तात्या नाही. "हव मॅडम, आनी कोणाले सांगन?"

तो तास मग कवितेचा राहिलाच नाही. २०१३च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानं कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, तिची प्रमुख बाईच असते, २०१५च्या यूजीसीच्या नियमांप्रमाणे विद्यार्थिनीसुद्धा तिथे तक्रार करू शकतात, समितीवाल्यांना तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर सांगता येत नाही, हे सगळं मी आनीला सांगितलं. आनीनं तक्रार तोंडी केली तर चालेल का? नाही, लेखी लागते, पण लिहायला मदत करावी हे समितीचंच काम आहे. आनीच्या घरी फोन जाईल का? हा प्रश्न आल्यावर मला कळलं की आपण सिनेमाबद्दल बोलत नाही आहोत. पुढे काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण समितीचा बोर्ड जिन्याच्या कोणत्या बाजूला लावलाय हे आता आमच्या वर्गातल्या प्रत्येक पोरीला माहीत आहे.

तेव्हापासून आमच्याकडे आनी ही एक पक्की विद्यार्थिनी झाली. हजेरीपटावर नाव नाही एवढंच. "मॅडम, आनीचं इंटर्नल राहिलं तं?" "आनीले मायनर बदलायचं हाय." पोरंसुद्धा तिच्याच नावानं विचारतात. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, इथे ते उलटं झालंय, सून विचारते लेकीच्या नावानं. कोणाला कमीपणा येत नाही, कोणी हसत नाही, कारण आनीला काही माहीत नसणं हे सगळ्यांना मान्य आहे. माझं या विषयावर जे काही मत आहे ते एवढंच आहे खरं तर. सिनेमा, नाटक, गाणं, रील यांचा पहिल्या पिढीतल्या पोरांना होणारा खरा उपयोग हा आहे, की त्याच्या आडून विचारता येतं.

आणि म्हणूनच सध्या कॉलेजांत सिनेमाचा जो दुसरा वापर जोरात आहे तो मला अजिबात पटत नाही. २०२३ मध्ये 'ट्वेल्थ फेल' आला. महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी मनोज कुमार शर्मा यांच्या आयुष्यावरचा, विधू विनोद चोप्रांचा. सिनेमा चांगलाच आहे, मी दोनदा रडले. पण त्यानंतर जिकडे तिकडे हॉल भरवून तो दाखवायचा आणि वरून एक माईकवाला वक्ता आणून तो करू शकतो तर तुम्ही का नाही असं ओरडायचं, हे सुरू झालं. पोरं टाळ्या वाजवतात, दोन दिवस स्टेटस ठेवतात, तिसऱ्या दिवशी परीक्षा फॉर्मची तारीख निघून गेलेली असते कारण ती कोणी सांगितलीच नाही. घरी खायला नाही, पिठाच्या गिरणीत राबून अभ्यास करायचा, हे बघून गरीब पोराच्या मनात एवढंच बसतं की आपण अजून पुरेसं सोसलं नाही. अरे बाबा, तो पुरेसं सोसूनच इथपर्यंत आलाय.

मी त्याच सिनेमाचे तुकडे दाखवले. पूर्ण सिनेमा दाखवायला वेळही नसतो आणि आमच्या हॉलचा स्पीकरही तेवढा टिकत नाही. वर्गाला म्हटलं, मनोज किती मेहनत करतो ते सोडून द्या, त्याला कोणी कोणी काय काय सांगितलं तेवढं लिहा. यादी वाढत गेली. घरून निघाला तेव्हा त्याला आयपीएस म्हणजे काय हेच माहीत नाही. बॅग चोरीला जाते. ज्या परीक्षेसाठी आला ती बंद. मग पांडे भेटतो, तो दिल्लीचं सांगतो. पुढे गौरी भैया भेटतो, जो स्वतः नापास झालाय पण बाकीच्यांना वाट दाखवतो. म्हणजे दर वळणावर कोणीतरी उभं आहे. यादी फळ्यावर लिहून झाल्यावर एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, मनोज हुशार होता हे बरोबर, पण त्याले पांडे भेटला. आमाले पांडे कुठं भेटन?"

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात! दुसरं कुठे. ज्यांची स्कॉलरशिप एकदा अडकून सुटलीय, ज्यांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज एकदा भरलाय, त्यांच्याएवढं ज्ञान प्राचार्यांनाही नसतं. आता सीनियर पोरांपैकी काही जण पांडे म्हणून ओळखले जातात, त्यांचे नंबर ग्रुपवर आहेत, आणि त्यांना त्याचा एवढा भाव चढलाय की विचारू नका. एक पांडे तर नुसता एबीसी आयडीचा आहे, बाकी काही विचारलं की म्हणतो ते माह्या डिपार्टमेंटचं नाही.

त्या सिनेमात आणखी एक जागा आहे, आमच्या फार कामाची. मनोज मुख्य परीक्षेत निबंधाचा विषय वाचताना 'टुरिझम'च्या जागी 'टेररिझम' वाचतो आणि भलताच निबंध लिहून येतो. प्रश्न दोनदा वाचा, प्रश्न दोनदा वाचा असं मास्तर लोक वर्षानुवर्षं सांगतात आणि या कानानं आत, त्या कानानं बाहेर. आता परीक्षेच्या दिवशी गेटवर पोरं एकमेकांना म्हणतात, "टेररिझम नको करू बे."

रिंकू राजगुरूचंही सांगायला पाहिजे. आर्ची झाली तेव्हा ती शाळकरी मुलगी होती, पुढे तिला दहावीला ६६ टक्के पडले आणि बारावीला ८२, पेपरात आलं होतं. हे सांगितल्यावर एक पोरगी कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होती. तिला दहावीला ६८ होते.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'झुंड'चा. २०२२चा नागराज मंजुळेंचा सिनेमा, नागपूरच्या विजय बारसे सरांवर बेतलेला, ज्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला लावलं. अमिताभ बच्चन असला तरी आमच्यासाठी हिरो अंकुश गेडाम, नागपूरचा पोरगा, कारण तो बोलतो ते आमच्या कानाला आपलं वाटतं. त्याला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला तेव्हा तर ग्रुपवर असे मेसेज सुरू होते जसं काही घरातल्याच कोणाला मिळालाय. पण मी जो भाग दाखवते तो फुटबॉलचा नाहीच. त्यात रिंकूनं मोनिका नावाच्या आदिवासी पोरीचं काम केलंय. तिला बाहेर देशी खेळायला जायचंय, पासपोर्ट पाहिजे, आणि पासपोर्टसाठी तू कोण आहेस याचा पुरावा पाहिजे, तो नाही. बाप तिला घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतो.

हा तुकडा बघताना आमच्या वर्गात कोणी कागद म्हणून हसत नाही, कारण प्रत्येकाच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाईल आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, टीसी, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे व्हॅलिडिटी. जात वैधतेसाठी जुना पुरावा लागतो, एससी-एसटी असाल तर १९५०च्या आधीचा, विमुक्त-भटके असाल तर १९६१च्या, ओबीसी असाल तर १९६७च्या. आता हा जुना पुरावा लोक कुठून आणतात? बहुतेक जण आजोबाच्या किंवा पणजोबाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधून. आता सांगा, जो पोरगा घरातला पहिला कॉलेजात आलाय, ज्याच्या आजोबानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यालाच तुम्ही आजोबाचा शाळेचा दाखला मागता! ज्यांच्या घरी तीन पिढ्या शिकल्या त्यांना एका दिवसात मिळतो. यात कोणाची वैयक्तिक चूक आहे असं मला म्हणायचं नाही, नियम करताना कोणाच्या डोळ्यासमोर कसलं घर होतं एवढंच दिसतं.

तर 'झुंड'चा तुकडा झाला की आम्ही मोनिकाची फाईल तयार करतो. फळ्यावर. शाळेचा दाखला नाही, मग काय चालेल? जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल तहसीलमध्ये मिळते. जुने महसुली कागद, बंदोबस्ताच्या नोंदी. वडिलांकडच्या नात्यात कोणाची, काकाची, चुलत भावाची व्हॅलिडिटी झाली असेल तर ती आणि सोबत वंशावळ. हे सांगताना एक धीवर समाजाचा पोरगा, जो एरवी हजेरीपुरता येतो, एकदम म्हणाला, "मॅडम, माह्या मोठ्या बाबाच्या पोराची झाली हाय, मंग माह्यासाठी ते चालते?" त्याच्या लक्षातच नाही राहिलं की आपण मोनिकाबद्दल बोलतोय. चालते रे बाबा, चालते. त्याचा अर्ज फक्त यासाठी पडून होता की हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि चुलतभावाला विचारायला तो लाजत होता, कारण दोन घरांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण. ते भांडण सोडवायला काही सिनेमा नव्हता. त्याची आई गेली, स्वतः, मोठ्या जावेकडे, आणि कागद घेऊन आली.

सिनेमाचं एवढं कौतुक केलं खरं, पण आमच्याकडे अजूनही खरं चालतं ते नाटक. झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे आमच्या या धानाच्या पट्ट्याबाहेरच्या लोकांना हे सांगून पटत नाही. धान कापून झालं, भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावच्या जत्रा सुरू होतात, आणि तिथून पार होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर हे मोठमोठे फ्लेक्स, गावातली मंडळी तिथे येऊन नाटक ठरवतात, बयाणा देतात. नाटकाच्या रात्री गावात प्रत्येक घरी पाहुणा. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, मधल्या वेळेत दोन-चार लग्नं जुळतात. आमच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना झाडीपट्टी नकाशावर शोधावी लागली असेल.

आता या नाटकांत एक माणूस हमखास असतो. शिकलेला पोरगा. बाप बैल विकून त्याला शिकवतो, तो शहरात जातो, साहेब होतो, शहरातली बायको करतो आणि आईबापाला ओळख देत नाही. शेवटच्या अंकात बाप मरतो, पोरगा रडतो, बायाबापड्या पदरानं डोळे पुसतात. माझ्या वर्गातली पोरं हे लहानपणापासून बघत आलीत, आईच्या मांडीवर झोपत-जागत. म्हणजे कॉलेजात यायच्या आधीच त्यांना ठाऊक असतं की शिकलेला माणूस शेवटी कसा निघतो! एका पोरीच्या बापानं तर नाटक सुटल्यावर तिला तिथल्या तिथेच म्हटलं होतं, पाहिलं का, असं नको करू. ती बारावीत होती तेव्हा.

हे नाटक वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. बापाच्या भीतीत खोटं काही नाही. पण त्या पोराला तिथे स्वतःची बाजूच नसते, त्याला फक्त गॉगल असतो. म्हणून वर्गाला काम दिलं, शेवटचा अंक त्याच्या बाजूनं लिहा. तो घरी का येत नाही? उत्तरं भारी आली. एकीनं लिहिलं त्याला सुट्टीच नाही, तो कंत्राटी आहे. एकानं लिहिलं त्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत आणि गावात सगळे त्याला साहेब म्हणतात म्हणून रिकाम्या हातानं यायची लाज वाटते. आणि एकानं, ज्याचा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, नुसता एक फोन लिहिला.

बाप: जेवला का?
पोरगा: हो. तुमी?
बाप: हो. पाऊस हाय का तिकडं?
पोरगा: नाही.
बाप: बरं. ठेवू?
पोरगा: ठेवा.

एवढंच. खाली कंसात त्यानं लिहिलं होतं, असा फोन रोज. मी मराठीची मास्तरीण आहे, संवादलेखन कसं असावं यावर दोन तास बोलू शकते, इथे बोलण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं त्यानं. वर्गात मात्र जुंपली. बाप तरी काय विचारणार, त्याला कंपनीतलं काय समजते, असं एक गट. दुसरा म्हणे, पोरानं सांगितलं तर समजेल ना, तो कुठं सांगते. तुम्ही सांगता का घरी, असं मी विचारलं. नाही. का? काय सांगावं तेच समजत नाही मॅडम. सेमिस्टर म्हणजे काय हे आईला कसं सांगणार? मग एक जण म्हणाला, खरीप-रब्बी! सहा महिन्याचं एक पीक, मधात खत-पाणी म्हणजे इंटर्नल, कापणी म्हणजे पेपर. त्यानं म्हणे त्या रात्री आईला असंच सांगितलं आणि आईनं विचारलं, मग उन्हाळी धान कोणतं?

पालक सभेला आमच्याकडे कोणी येत नाही. नोटीस काढा, फोन करा, मजुरी बुडवून कोण येणार आणि येऊन तरी काय बोलणार. पोरांनी त्या शेवटच्या अंकांचं मिळून एक छोटं नाटक केलं आणि गावात सांगितलं की कॉलेजात नाटक हाय. हॉल भरला. बाया टिफिन घेऊन आल्या. फोनचा प्रसंग झाल्यावर एक म्हातारा मधेच उठून म्हणाला, पोट्ट्याचं चुकलं नाही, पण बापाचंबी चुकलं नाही, फोनवर बोलाचं तरी काय असते? त्यावर पाच-सहा जण बोलायला लागले, नाटक तिथेच थांबलं, आणि जी पालक सभा आम्हाला कधी जमली नव्हती ती झाली.

यात नवीन काहीच नाही म्हणा. गाडगेबाबा वऱ्हाडात हेच करत होते. कीर्तन म्हणजे नुसतं सांगणं नसायचं त्यांचं, ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तर काढायचे, आणि गोपाला गोपालाच्या गजरात पोरांना शाळेत घाला हे गळी उतरवायचे. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच केलं. लोकांना जे ऐकायला आवडतं त्यातून शिक्षणाचं बोलायचं ही विदर्भाची जुनी रीत आहे, फक्त आपण त्याला आता संतवाङ्मय म्हणून दहा मार्काच्या प्रश्नात टाकलंय.

तिकडे अमेरिकेत म्हणे घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्यांसाठी एक दिवसच ठेवलाय, ८ नोव्हेंबर, २०१७ पासून, कारण १९६५ साली त्याच तारखेला तिथे उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही झाली होती. विद्यापीठं त्या दिवशी बॅज वाटतात, प्राध्यापकसुद्धा मीही पहिल्या पिढीतला असा बॅज लावून फिरतात. मला ही बॅजची कल्पना आवडली. आपल्याकडे ८ नोव्हेंबर म्हणजे पुलंचा वाढदिवस, तेव्हा तारीख काही वाईट नाही. पण तेव्हा आमच्याकडे धान कापणी आणि मंडयांची गडबड, कॉलेजात चिटपाखरू नसतं.

यानं सगळं सुटतं असं कोणी समजू नये. सिनेमा फी भरत नाही. बारावीनंतर ठरलेलं लग्न नाटकानं मोडत नाही, एखादंच पुढे ढकललं जातं. सिनेमातल्या कॉलेजात तर प्रेमाशिवाय दुसरा विषयच नसतो, त्यामुळे काही बाप पोरीला कॉलेजात पाठवायला घाबरतात तेही 'सैराट' बघूनच, हे मला दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलंय. आणि माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना वाटतं मॅडम अभ्यासक्रम सोडून टाइमपास करतात. वाटू दे. अभ्यासक्रम माझा दर वर्षी पूर्ण होतो.

सध्या नवीन खूळ आहे ते मीम आणि रीलचं, आणि त्यात माझा हात नाही. महाडीबीटी या स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर अर्ज महिनोन्‌महिने अंडर स्क्रुटिनी दाखवतो, त्यावर पोरांनी एवढे मीम केले की पहिल्या वर्षाच्या पोरांना अर्जाच्या पायऱ्या मीममधूनच पाठ झाल्या. अर्ज परत आला तर किती दिवसांत दुरुस्त करून पाठवायचा, आधारला बँक खातं जोडलेलं नसलं तर पैसे कुठे अडकतात, हे एका पोरीनं लग्नाच्या गाण्यावर रील करून सांगितलंय. नोटीस बोर्डापेक्षा ती जास्त चालली.

आणि यंदाच्या मंडईसाठी पोरं एक अंक बसवताहेत, गावातल्या नाटकाच्या आधी वीस मिनिटं मिळालीत. हिरॉईन अर्थातच आनी. तिची स्कॉलरशिप अडकलीय आणि ती फाईल घेऊन फिरते. व्हिलन म्हणून कॉलेजचा बाबू दाखवायचा असं ठरत होतं तर ही बातमी आमच्या ऑफिसात पोचली. मला वाटलं आता राडा होणार. ऑफिसातले बाबू स्वतः तालमीला आले, खुर्ची ओढून बसले, पूर्ण अंक बघितला, आणि म्हणाले, बाबूचं काम मीच करतो, या पोट्ट्याले पान खाता येत नाही नीट. फक्त एक डायलॉग पाहिजे म्हणे, आनीकडे नाही, पब्लिककडे पाहून बोलायचा: सर्व्हर डाऊन हाय माय, माह्याबी पोरीचा अर्ज याच्यातच अटकला हाय. पोरं म्हणतात मग ते व्हिलन राहतच नाहीत, लोक त्यांनाच टाळ्या देतील. दोन तालमी यावरच अडल्यात.